बिस्किटी घरात एक अबोली भिंत

प्रश्न : रत्नागिरी तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून आलेलं हे पत्र. लिहिणारीचं वय चौतीस. पुण्यातल्या एका कंपनीचं हिशोबाचं आणि जीएसटीचं काम त्या घरून करतात, आठवड्यात तीन-चार व्हिडिओ कॉल असतात. दोन वर्षांपूर्वी सासरी जांभ्या चिऱ्याचं नवं घर बांधलं. आतून सगळं बिस्किटी: भिंती, फरशी, सोफा, पडदेसुद्धा. रंग यजमानांनी आणि दिरांनी ठरवले. आता मागच्या अंगाची दहा बाय अकराची खोली ऑफिससाठी त्यांना मिळते आहे. एरवी तिथे नारळ, रिकामी खोकी आणि वैशाखात आंब्याची अढी असते. त्या लिहितात : “इथे तरी मला माझं, बाईचं वाटेल असं काही हवंय. फिकट गुलाबी भिंती, फुलांचा वॉलपेपर, मखमली खुर्ची, सोनेरी पायांचं टेबल, खाली केसाळ गालिचा, असे फोटो मी जमवून ठेवलेत. यजमान म्हणतात, घराचा लुक बिघडेल. सासूबाई म्हणतात, बाहुलीची खोली दिसेल. कॉलवर क्लायंट गंभीरपणे घेतील का, ही धाकधूक मलाही आहे. हट्ट धरू की सोडून देऊ? माझी उंची पाच फूट एक इंच. तयार टेबलावर काम करून खांदे भरून येतात, तेही जाता जाता सांगते.”

उत्तर : हट्ट किंवा माघार, असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवलेत. त्याआधी एक साधी गोष्ट घरात स्पष्ट करून घ्या. ही खोली बाराही महिने तुमची की वैशाख सोडून अकरा महिने? अढीतला पेंढा ऊब आणि ओल धरून ठेवतो, पिकत्या फळावर चिलटं येतात, मुंग्यांची रांग लागते आणि चिकाचे डाग फरशीवरून निघत नाहीत. लॅपटॉप, कागदपत्रं आणि अढी एका खोलीत नांदणार नाहीत. अढीला पडवीचा कोपरा किंवा माळा ठरवून द्या. रंगाचा विषय त्यानंतर काढा. नाहीतर नव्या भिंतीला टेकवून खोकी उभी राहतील आणि भांडण रंगावरून होईल.

आता “घराचा लुक बिघडेल” याकडे. यजमान अगदीच चुकीचं बोलत नाहीत, फक्त कारण भलतीकडे शोधताहेत. गुलाबी रंग बिस्किटी घरात विसंगत दिसतो तो गुलाबी असल्यामुळे नव्हे. बिस्किटी, मोतिया, राखाडी या रंगांना आपण बिनरंगी समजतो, पण प्रत्येकाच्या पोटात एक रंग असतो. कोरा पांढरा कागद भिंतीला लावून दिवसाउजेडी पाहा. कागदाशेजारी भिंत पिवळट दिसते, गुलाबीसर, की हिरवट? बिस्किटी बहुतेक वेळा पिवळट निघतो. फोटोतला फिकट गुलाबी निळसर पोटाचा, थंड असतो. तो पिवळटाशेजारी आला की गुलाबी जांभळट वाटतो आणि बिस्किटी मळका. सगळ्यांना काहीतरी खटकतं आणि खापर गुलाबीवर फुटतं.

पिवळट बिस्किटीशी जुळणारे रंग तुमच्या कपाटातल्या साड्यांत आहेत : अबोली, फिकट अंजिरी, गेरूत पांढरा मिसळल्यासारखा मातकट गुलाबी. घर थंड राखाडी असतं तर गुलबक्षी किंवा जांभळट छटा चालली असती. तुमच्यासाठी माझं मत अबोलीला. तो चिऱ्याच्या तांबड्या रंगाचाच दूरचा नातेवाईक आहे, त्यामुळे बाहेरून आत आल्यावर परका वाटत नाही.

शेड कार्डावरच्या बोटभर तुकड्यावरून मात्र रंग ठरवू नका. २०० मिलिची सॅम्पल डबी मिळते. दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्याला आधी पांढरा प्रायमर लावा, मग रंगाचे दोन हात द्या. तो पुठ्ठा सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिव्याखाली वेगवेगळ्या भिंतींना लावून बघा. कोकणात याला एक खास कारण आहे. खिडकीबाहेर आंब्या-माडांची झाडी असेल तर आत येणारा उजेड हिरवट असतो, आणि हिरवट उजेडात गुलाबी कुळातले रंग मरतात, करडे पडतात. शहरातल्या फोटोत तजेलदार दिसलेला रंग बागेशेजारच्या खोलीत आजारी दिसतो तो यामुळे. अशा खिडकीजवळ छटा थोडी उबदार, थोडी पिवळ्याकडे झुकणारी घ्यावी. त्याच वेळी गडदपणा कार्डावर आवडलेल्यापेक्षा एक पायरी कमी ठेवावा, कारण मोठ्या भिंतीवर रंग नेहमीच जास्त भरतो.

आता कोणती भिंत? चारही नकोत, एकच. या खोलीकडे तीन ठिकाणांहून पाहिलं जातं : माजघरातून उघड्या दारातून, तुमच्या खुर्चीतून आणि कॅमेऱ्यातून. माजघरात उभं राहून आत पाहा. दारासमोरची भिंत दिसते, बाजूच्या भिंतींचा थोडा भाग दिसतो, पण ज्या भिंतीत दार आहे ती अजिबात दिसत नाही. ती रंगवा आणि टेबल असं ठेवा की तुमचं तोंड तिच्याकडे, म्हणजे दाराकडे असेल. माजघरातून पाहणाऱ्याला पलीकडची बिस्किटी भिंत दिसेल, कॅमेऱ्यालाही तीच. अबोली दिवसभर दिसेल ती फक्त तुम्हाला. कोण आत आलं हेही समजेल, पाठीमागून कुणी डोकावणार नाही. शिवाय दाराची भिंत घराच्या आतली असल्यामुळे ती झड खात नाही, चारांत सर्वांत कोरडी असते. तुमच्याकडे रंग सर्वांत जास्त काळ टिकेल तो तिथेच.

ही मांडणी एका ठिकाणी फसते. खिडकी तुमच्या पाठीशी येत असेल, तर कॉलवर तुमचा चेहरा काळा आणि मागे प्रखर उजेड असं दिसेल. तेव्हा टेबल बाजूच्या भिंतीला, खिडकीशी काटकोनात लावा, खिडकी डाव्या हाताला ठेवा आणि अबोली भिंत कडेने दिसू द्या.

दार सोडून ती भिंत साधारण ८० चौरस फूट भरेल. चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांना ६०-६५ चौरस फूट पुरतो, म्हणजे सव्वा ते दीड लिटर लागेल. एक-एक लिटरच्या दोन डब्या एकदमच मिसळून घ्या, कारण मागाहून मागवलेल्या डबीची छटा थोडीशी हलू शकते. झाकणावरचा कोड लिहून ठेवा आणि उरलेला रंग घट्ट बंद करून डाग-ओरखड्यांसाठी जपा. फिनिश हलक्या चमकीचा, पुसता येईल असा घ्यावा. पूर्ण चकचकीत नको, चिऱ्याच्या भिंतीवरच्या गिलाव्याचा प्रत्येक उंचसखलपणा त्यात उठून दिसतो.

पण डबी उघडण्याआधी ओल. हा भाग सगळे उरकून टाकतात, आणि आपल्याकडची सजावट बिघडते ती बहुतेक इथेच. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते. जांभा सच्छिद्र, पाणी पिणारा दगड. त्यातून पाणी आत येतं, येताना क्षार आणतं, आणि पाणी सुकलं की क्षार गिलाव्यावर पांढऱ्या भुकटीसारखे फुलतात. हाच लोणा. त्यावर प्लास्टिकसारखा घट्ट रंग मारला तर मागचे क्षार रंगाची पापुद्री ढकलून पाडतात. रंगारी पुन्हा पुट्टी भरतो, पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

ओल बाहेरून येते की खोलीतल्या हवेतून, हे घरी तपासता येतं. जाड पारदर्शक प्लास्टिकचा फूटभर चौकोन भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने सीलबंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली दमट वाफ गार पृष्ठभागावर बसतेय. पहिल्या वेळी उपाय बाहेरून : पत्र्याची किंवा कौलांची पागोळी भिंतीपासून लांब पडते ना, जोत्याशी पाणी तुंबत नाही ना, नैऋत्येकडच्या भिंतीला छज्जा आहे का, आणि उघड्या चिऱ्यावर पाणी झटकणारं, पण भिंतीचा श्वास न कोंडणारं वॉटर रिपेलंट मारलंय का. वॉर्निशसारखा चकचकीत थर मारू नका, आत अडकलेलं पाणी मग खोलीकडे वाट शोधतं. दुसऱ्या वेळी उपाय आतून : पंखा, वाहती हवा, एसी असेल तर त्याचा ड्राय मोड किंवा छोटा डिह्युमिडिफायर. आर्द्रता मोजणारा छोटा मीटर टेबलावर ठेवा. आकडा ६५च्या खाली राहिला तर कागद, कापड आणि लाकूड तिन्ही सुखरूप.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर ते नुसते रंगाखाली दडवू नका. साध्या ब्लीचच्या द्रावणात तिप्पट पाणी मिसळून भिंतीला लावा, वीसेक मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि ब्लीचमध्ये ॲसिड, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं द्रावण कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. लोणा मात्र धुवायचा नाही, कोरड्या ब्रशने झाडायचा. पाणी लावलं की तो विरघळून परत आत जातो. पुट्टी व्हाइट सिमेंटची वापरा आणि तिचे पातळ दोन हात द्या, मग प्रायमर, मग रंग. हे सगळं दिवाळीनंतर. गणपतीच्या आधी घाईने रंग लावायची आपल्याकडे सवय आहे, आणि त्याच रंगाला शिमग्यापर्यंत फोड येतात. भर पावसात भिंत वरून वाळते, आतून नाही.

तुमच्या फोटोंतल्या वस्तूंबद्दल आता स्पष्ट बोलायला हवं. ते फोटो कोरड्या हवेतले आहेत. वॉलपेपरच्या खळीत आणि कागदात बुरशीला खायला भरपूर असतं, पावसाळ्यात सांधे उचलतात आणि मागे काळं पीठ साठतं. मखमलीत खाऱ्या हवेचा चिकटपणा, घाम आणि बुरा बसतो. सोनेरी पाय म्हणजे बहुधा मुलामा दिलेलं लोखंड, ते वेल्डिंगच्या सांध्यापासून गंजतं. केसाळ गालिचा श्रावणात ओल्या कुत्र्यासारखा वास मारतो, एवढंच सांगते. यातलं काहीही तुम्ही आणलंत आणि वर्षभरात ते बिघडलं, तर “बघ, सांगितलं होतं” हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल, आणि दोष तुमच्या आवडीचा ठरेल.

त्याऐवजी फोटोंकडे पुन्हा पाहा आणि प्रत्येकात नेमकं काय ओढतंय ते लिहून काढा. रंग? गोलवा? मऊपणा? फुलं? लखलख? माझा अंदाज असा की निम्म्या फोटोंत तुम्हाला गुलाबी आवडलेला नाही, तिथली निवांतता आवडली आहे : नीट आवरलेलं टेबल, कडेने येणारा उजेड, कुणी हात न लावलेल्या वस्तू. ती गोष्ट रंगाच्या डबीत येत नाही.

फुलं हवी असतील तर स्टेन्सिल घ्या. अबोली भिंतीवर त्याच रंगात पांढरा मिसळून, कोपऱ्यातून वर चढणारी एक वेल. रोलर जवळजवळ कोरडा ठेवायचा, नाहीतर रंग स्टेन्सिलखाली पाझरतो आणि पाकळ्या फुगतात. किंवा हा सगळा खटाटोप न करता काचेच्या पेल्यात खरी फुलं ठेवा. अबोलीला वास नाही, पण ती टिकते. अनंत पावसाळ्यात फुलतो. वेंगुर्ल्याकडच्या वाचकांना हिवाळा सरताना सुरंगी मिळते, तिच्यापुढे कुठलंही रूम फ्रेशनर फिकं. प्लास्टिकची फुलं मात्र नकोत. समुद्राच्या हवेत त्यांच्यावर चिकट धूळ बसते आणि ती धुऊनही जात नाही.

पडद्यासाठी जुनी, धुऊन मऊ झालेली सुती सहावारी साडी काढा. सहा वार म्हणजे साडेपाच मीटर. खिडकी चार फूट रुंद आणि साडेचार फूट उंच धरली, तर १.८ मीटरचे तीन तुकडे निघतात. दोन पडद्याला. पन्हा पंचेचाळीस इंच असला तर दोन मिळून नव्वद, म्हणजे खिडकीच्या जवळपास दुप्पट, चुण्या छान पडतात. काठ दोन्ही कडांना आपोआप उभे येतात. पदराचा तिसरा तुकडा खुर्चीच्या उशीला. वापरलेली साडी आधीच आटलेली असते, म्हणून धुतल्यावर पडदा आखूड होत नाही. मागे पांढऱ्या मलमलचं अस्तर लावा, नाहीतर उन्हाने रंग उडतो. रेशमी साडी यासाठी कापू नका. दांडी स्टीलची किंवा लाकडी घ्या, लोखंडी दांडीचे गंजाचे ओघळ पांढऱ्या अस्तरावर उतरतात. सासूबाईंची एखादी साडी मागितलीत तर काय होईल, हे तुम्हीच ठरवा. पण आपल्याच साडीच्या पडद्याला बाहुलीचा पडदा म्हणणं जरा अवघड जातं.

आणि आता ती “जाता जाता” सांगितलेली गोष्ट. माझ्या लेखी तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची. तयार टेबलं साधारण तीस इंच उंच असतात. पाच फूट एक इंच उंचीच्या व्यक्तीला पाय जमिनीवर टेकवून बसल्यावर कोपर पंचवीस इंचांच्या आसपास येतं. म्हणजे टायपिंग करताना तुम्ही दिवसभर खांदे उचलून धरता. खुर्ची वर केली तर पाय लोंबतात आणि मांड्यांखाली रग लागते. सुतार बोलवा आणि टेबल पंचवीस ते सव्वीस इंच उंचीचं करून घ्या, रुंदी दोन फूट, लांबी चार फूट. मधोमध ड्रॉवर नको. चार इंचांचा ड्रॉवर आला की मांड्यांना जागा उरत नाही. ड्रॉवर उजव्या बाजूला, वेगळ्या खणात. फळीच्या पुढच्या कडा सुताराला गोलवायला सांगा, मनगटाला टोचत नाहीत आणि फोटोंतला तो गोलवाही इथे कामाचा होऊन येतो. टेबल बदलणं आत्ता शक्य नसेल तर पायाखाली चार इंचांचा पाट ठेवून खुर्ची वर घ्या. लॅपटॉप पुस्तकांवर चढवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येऊ द्या आणि कीबोर्ड वेगळा जोडा.

लाकूड फणसाचं मिळालं तर उत्तम. नवं असताना पिवळं, पुढे मधासारखं तांबूस होत जातं आणि अबोलीशी छान बोलतं. प्लायवूडच घ्यायचं तर त्यावर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का बघा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ दोन पावसाळ्यांत फुगतात. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ठेवा, मागे हवा खेळू दे. बिजागऱ्या आणि स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे, घर अगदी किनाऱ्यालगत असेल तर ३१६चे. लखलख हवी आहे ना, मग मुठी भरीव पितळेच्या लावा. पितळ काळवंडतं, पण चिंच-मिठाने घासलं की परत उजळतं, मुलामा परत येत नाही. नाहीतर सावंतवाडीला चितारआळीत रंगीत लाकडी कामाची दुकानं आहेत, तिथे लाखेच्या मुठी करून मिळतात का विचारा. गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या, गोल पानांची एक चौकट मागच्या बिस्किटी भिंतीवर लावलीत तर कॅमेऱ्यात तेवढीच नजरेत भरेल, आणि कॉलची सुरुवात जीएसटीऐवजी त्या पानांवरून होईल. नोटिसबोर्डला साध्या टाचण्या नको, कागदांवर गंजाची वर्तुळं उमटतात. पितळी घ्या.

दिव्यांत एकच लक्षात ठेवा. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा दिवा अबोलीला राखेचा रंग आणतो. छताला ४००० केल्विन, टेबलावरच्या दिव्याला ३००० पुरे. खोक्यावर सीआरआय ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असेल तर रंग खरे दिसतात. वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडते, तेव्हा चार्जर आणि राउटर प्लगमधून काढून ठेवा.

क्लायंटबद्दलची धाकधूक. त्यांना भिंतीचा रंग खटकत नाही, अंधारातला चेहरा आणि घुमणारा आवाज खटकतो. मोकळ्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो, तो साडीचे पडदे, उशी आणि एखादी सुती सतरंजी शोषून घेतात. सतरंजी जूनमध्ये गुंडाळून ठेवा, दसऱ्याला काढा. तुमच्या समोरची अबोली भिंत उजेड परतवते तेव्हा तो चेहऱ्यावर थोडा उबदार होऊन पडतो, म्हणजे तिचा कॉलमध्ये फायदाच आहे. पाठीमागे गडद राणी रंगाची भिंत असती तर अडचण झाली असती. स्वस्त वेबकॅम मोठा भडक रंग दिसला की गडबडतो आणि चेहरा हिरवट करून टाकतो.

घरात हे मांडताना फोटो दाखवू नका, पुठ्ठा दाखवा. यजमानांना माजघरात उभं करून विचारा, इथून यातलं काय दिसतं? दिराला बिस्किटी रंगाचा कोड विचारून घ्या. उरलेल्या तीन भिंतींना दुरुस्तीनंतर तोच लागणार आहे, आणि त्याने निवडलेला रंग तुम्ही राखताय हेही त्याला कळेल. एवढं करूनही नकार आला, तर तो लुकबद्दल नाही हे तरी स्पष्ट होईल, आणि मग बोलणं त्या दुसऱ्या विषयावर करा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या किंवा फक्त हॉलचा कोपरा वाट्याला आलेल्या वाचकांनी भिंतीला हात लावू नये. तीन फूट बाय सहा फुटांचा लाकडी चौकटीचा पडदा करा, त्यावर अबोली सुती कापड ताणून बसवा आणि टेबलासमोर उभा करा. बिजागरी लावून दोन पानी केला तर काम संपल्यावर मिटून ठेवता येतो. चिपळूणसारख्या, २०२१च्या जुलैत पूर पाहिलेल्या गावात तळमजल्यावर ऑफिस असेल, तर प्लग पॉइंट चार फुटांवर घ्या, टेबलाचे पाय स्टीलचे करा आणि कागदपत्रांचा खण सर्वांत वरचा ठेवा.